दुसऱ्याच्या बागेत

आम्हाला घराबाहेर काढायचा बेत माझ्या दोन्ही लेकरांनी मिळून केला, आणि तो इतक्या मानापानानं केला की विमानात बसेपर्यंत मला पत्ता लागला नाही. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. एके दिवशी त्याचा फोन आला, "लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तुम्ही दोघं कुठंच गेला नाहीत. मी तुमच्यासाठी मोझेल नदीवरच्या बोटीचं बुकिंग केलंय. सात दिवस. दोन्ही काठांना नुसती द्राक्षंच द्राक्षं." तारखा ऐकल्या आणि ह्यांचा चेहरा उतरला. "अरे, त्या टायमाला तर आपली छाटणी असती," हे म्हणाले. तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "असू द्या की पप्पा, मी हाय ना." ती इतक्या पटकन बोलली की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जालन्यापासून अर्ध्या तासावर आमची चार एकर द्राक्षबाग आहे. आमच्याकडं बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची छाटणी काडी तयार करण्यासाठी असते आणि दसऱ्याच्या आसपासची फळासाठी, तिला आम्ही गोडी छाटणी म्हणतो. काडी कुठं कापायची, तिच्यावर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे आणि कोणत्या दिवशी सुरुवात करायची, यावर अख्खं वर्ष ठरतं. छाटणी झाली की दुसऱ्या दिवशी बायका कापडाचा बोळा घेऊन डोळ्यांना औषधाची पेस्ट लावतात. ज्या डोळ्याला पेस्ट लागते तो हमखास फुटतो. बत्तीस वर्षं कात्री ह्यांची आणि बायकांची टोळी माझी, अशी आमची वाटणी होती. ह्यांच्या कामात मी तोंड घालत होते, माझ्या कामात हे घालत नव्हते.

मुलगी शेतीचंच शिकली. पुण्यात एका कंपनीत चांगल्या नोकरीला होती. चार वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून बाग बघायला म्हणून घरी आली होती. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण ह्यांनी तिनं लिहून ठेवलेलं फवारणीचं वेळापत्रक तिला न विचारता बदललं, एकदा नाही, तीनदा. तिनं भांडणसुद्धा केलं नाही. ब्याग भरली आणि पुण्याला निघून गेली. गेल्या दिवाळीत पुन्हा आली ती अट घालूनच. जेवायला बसलो होतो, तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि सांगितलं, "येणारी गोडी छाटणी माझी. तारीख माझी, डोळे माझे, माणसं माझी. मला न विचारता तुम्ही दोघांनी एक ओळ जरी बदलली तर मी जाणार, आन मंग परत बोलवायचं न्हाई." हे ताटाकडं बघत हो म्हणाले. मी तर जोरात हो म्हणाले. माझा काय प्रश्न होता? घोळ घालणारे हे होते.

आमच्याकडं घटस्थापनेला कात्री लागते म्हणजे लागते. मुलीनं यंदा दसरा जाऊ दिला. परतीचा पाऊस अजून गेला नाही, म्हणाली. काड्यांचे नमुने तपासायला पाठवले, त्यात फळ कितव्या डोळ्यात आहे ते बघितलं आणि ठरवलं की पेस्ट काडीच्या फक्त शेवटच्या दोन डोळ्यांना लावायची. आम्ही आजवर चार डोळ्यांना लावत आलो. जास्तीचे कोंब फुटले तर ते हातानं काढता येतात, त्याला आम्ही फेलकाढणी म्हणतो. पण कोंब फुटलाच नाही तर काय करणार? मला हे पटलं नव्हतं. पण मी बोलले नाही, आणि न बोलल्याचं मला फार कौतुक वाटत होतं.

निघताना मुलीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, पप्पांचा फोन तुझ्याकडं ठेव. ते रोज व्हिडिओ कॉल करतील आन पान दाखव, काडी दाखव करत बसतील. तूच त्यांना आवरू शकती." मी म्हटलं, तू बिनघोर राहा. विमानतळावरच मी ह्यांचा फोन काढून पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. पोलिसानं ऐवज जप्त करावा तसा. हे नुसते पुढचे दोन तास रिकाम्या खिशावर हात फिरवत बसले.

बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेलं लांबट लॉज होतं. खाली खोल्या, मध्ये जेवायचा हॉल, वर मोकळी गच्ची आणि तिथं आरामखुर्च्या. मुलानं आम्हाला चढवून दिलं आणि माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. आपण मराठीत बोलायचं आणि त्यानं ते जर्मनमध्ये सांगायचं, त्यांनी बोललेलं आपल्याला मराठीत. बाकीचे प्रवासी सगळे गोरे, बहुतेक आमच्या वयाचे नाहीतर आमच्याहून थोर. आम्हाला बघून हसायचे, आम्ही हसायचो. एक आजोबा रोज सकाळी ह्यांच्याशी हात मिळवायचे आणि जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगायचे. हे त्यांना मराठीत उत्तर द्यायचे. "हौ ना, थंडी लई वाढली," असं. दोघांचं चांगलं जमलं होतं.

बोट इतकी हळू चालायची की काठावरची सायकलवाली पोरं आमच्या पुढं जायची. सुरुवातीला मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. मग लक्षात आलं की हिला कुठं पोचायचंच नाही. मला आयुष्यात अशा गाडीत बसायची सवय नव्हती. आम्ही कुठं गेलो तर लग्नाला गेलो, दवाखान्यात गेलो, नाहीतर जुन्या जालन्यात घाऊक दुकानांतून सुतळी आणि कापड आणायला गेलो. आणि प्रत्येक वेळी मागं घड्याळ. इथं सकाळी खुर्चीत बसायचं आणि डोंगर आपोआप सरकायचे. डोंगर तरी कसले? भिंतीसारखे उभे, आणि त्या भिंतीवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षं लावलेली. मांडव नाही, तारा नाहीत. एकेका वेलीला एकेक खुंटी, तिलाच तिनं धरून राहायचं. पानं पिवळी पडत चालली होती, त्यामुळं उन्हात अख्खा डोंगर हळद लावल्यासारखा दिसायचा.

"हितं फवारणीचा ट्रॅक्टर कसा चढवत असतील?" हे पहिल्या दिवशी वीस वेळा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दहा वेळा. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. मला तर नदी बघून जास्त नवल वाटायचं. आमच्याकडं प्रत्येकाच्या रानात शेततळं, पावसाळ्यात ते भरलं की घरात सण, आणि मार्चपासून रोज संध्याकाळी जाऊन पाणी किती उतरलं ते बघायचं. आणि इथं काठोकाठ नदी, वाहतेय ती वाहतेय, कुणी ढुंकून बघत नाही. मध्ये मध्ये बंधारे होते. बोट बंधाऱ्याच्या हौदात शिरायची, मागचं दार बंद व्हायचं, पाणी भरायचं आणि आम्ही बसल्या खुर्चीत वर वर जायचो. हे प्रत्येक बंधाऱ्याला उठून कठड्याशी जायचे आणि पाणी भरेपर्यंत लहान मुलासारखे बघत राहायचे.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून नेला होता. बोटीवर पाण्याच्या आधी वाईन यायची. आमच्या घरात कधी बाटली आली नाही, पण काठावरच्या द्राक्षांची आहे म्हणून ह्यांनी पहिल्या दिवशी पेला नाकाशी नेला. "फुटक्या मण्यांचं कॅरेट उन्हात राह्यल्यावर असाच वास येतो," म्हणाले आणि पेला माझ्याकडं सरकवला. मी एक घोट घेतला. आंबट लागलं. मी पेला परत सरकवला. वाढणारी पोरगी दुसऱ्या दिवसापासून आम्हाला न विचारता द्राक्षाचा साधा रस आणून द्यायची.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर बसलो असताना हे एकदम म्हणाले, "तुला काय काय आवडतं गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे असंच. बत्तीस वर्षं झाली, मी कधी इचारलंच न्हाई."

मला हसू आलं, आणि मग लगेच रडू येईल असं वाटलं म्हणून मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसले. मग सांगितलं. मला उकडलेल्या शेंगा आवडतात, घडांच्या विरळणीचे दिवस आवडतात कारण तेव्हा बायका गाणी म्हणतात, आणि दुपारी कुणी न उठवता झोपायला आवडतं. हे ऐकून घेत होते. मधूनच "हां" म्हणत होते. फोन खिशात नसला की हा माणूस ऐकतो, हे मला या वयात समजलं. मी फार सुखात होते, आणि ह्यांना कसं आवरलं म्हणून स्वतःवर खूशही होते.

आता माझी करणी सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी मी लवकर गच्चीवर आले. हे खाली दाढी करत होते. आमच्याकडं तेव्हा साडेदहा वाजले असतील, म्हणजे बायका कामाला लागलेल्या. आदल्या दिवशी पहिल्या प्लॉटची छाटणी झाली, हे मुलीनं मला मेसेजवर कळवलं होतं. म्हणजे आज पेस्ट. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि माझ्या फोनवरून टोळीच्या मुकादमिणीला फोन लावला. तिला आम्ही सगळे भाभी म्हणतो. पलीकडच्या गावातली मुसलमान बाई, वीस वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली. माझ्या मनात काय आहे ते मी तोंड उघडायच्या आत ओळखणारी.

"भाभी, पेस्ट सुरू झाली का?"

"हौ वैनी, जल्दीच सुरू केली. ताईनं दोनच डोळे सांगितलेत."

"मला माहितेय. पण तू अजून खालच्या दोघांना पण हात लावत चल. ताईला सांगू नको. जास्तीचं फुटलं तर नंतर काढता येतं."

पलीकडं औषधाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं वैनी. तुम्ही म्हणता तर बराबर हाय."

फोन ठेवला तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही, हेच खरं आहे. मला वाटलं, मी पोरीला वाचवलं. तारीख तिचीच, कात्री तिचीच, मी फक्त दोन डोळ्यांची काळजी घेतली. आणि ह्यांनी केलं तर ते नाक खुपसणं. मी केलं ते आईचं मन. मी खाली जाऊन दोन पेले रस प्याले.

पाचव्या दिवशी बोट एका लहानशा गावाला लागली. दगडी घरं, खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि घरांच्या मागून लगेच डोंगर सुरू. बोटीवरची गाईड पोरगी सगळ्यांना एका म्हाताऱ्या बाईच्या तळघरात वाईन चाखायला घेऊन गेली. आम्हाला त्यात रस नव्हता. हे म्हणाले, आपण वर जाऊन तिची बाग बघू. गाईडनं हातानंच जा म्हणून सांगितलं. पायऱ्यापायऱ्यांनी आम्ही वर चढलो. पायाखाली माती नव्हतीच, नुसत्या काळ्या पाट्यांसारख्या दगडाच्या कपच्या. हे वाकून कपच्या उचलून बघत होते, आणि मी घड बघत होते.

बघितलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. घड लहान होते, ते समजू शकते. वाईनचं द्राक्ष लहानच असतं. पण घडाघडात मणी सडलेले होते. तपकिरी पडलेले, सुरकुतलेले, वरून करडी बुरशी. एका घडात नाही, ओळीच्या ओळी. आमच्याकडं घडात एक मणी असा दिसला तर बाई हातातलं काम टाकून तो आधी काढते, कारण एकाचा रस दुसऱ्याला लागला की आठ दिवसांत घड जातो. "बिचारीकडं माणसं नसतील," मी म्हटलं. "वय झालंय. कुणी बघणारं दिसत नाही."

पर्समध्ये माझी विरळणीची कात्री होती. प्रवासात ती मोठ्या ब्यागेत टाकून आणली होती आणि बोटीवर गोळ्यांची पाकिटं कापायला पर्समध्ये ठेवली होती. ती माझ्या हातात कधी आली ते मला कळलंही नाही. डाव्या हातानं घड खालून तोलून धरला, उजव्या हातानं कात्रीचं टोक आत घातलं आणि एकेक सडका मणी देठातून काढायला लागले. सडका मणी बागेत खाली टाकायचा नसतो, बुरशी पसरते. म्हणून ह्यांचा मोठा रुमाल पसरला आणि त्यात जमा करत गेले.

"अगं, दुसऱ्याची बाग हाय," हे म्हणाले. "हात लावू नको."

"तुम्ही गप बसा. तिचं नुकसान होतंय ते दिसत नाही का?"

"तिला इचार तरी."

"ती खाली पाहुण्यांत आहे. आपण काय तोडून नेतोय का? साफच करतोय."

हे पुन्हा कपच्यांकडं वळले. ह्यांना गप बसवायची मला त्या दिवसांत चांगली सवय झाली होती. पंधरावीस घड मी चकाचक केले असतील. मागं वळून बघितलं तर ती ओळ छान दिसत होती, आणि मला खूप दिवसांनी हातानं काहीतरी केल्याचं समाधान वाटत होतं.

तेवढ्यात खालून बादली वाजली. ती म्हातारी वर येत होती. सत्तरीच्या पुढची, पण पायऱ्या आमच्याहून भराभर चढत होती. तिनं आधी ह्यांच्याकडं बघून मान हलवली, मग घडांकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कात्रीकडं, आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. ते अगदी आपल्यासारखं हात मारणं होतं, त्याला ॲप लागलं नाही. मी घाईघाईनं फोन काढला. ती त्यात बोलली आणि फोननं पुस्तकी मराठीत सांगितलं, "ही फळे सडलेली नाहीत. मी यांचीच वाट पाहत होते."

मला काही उमगेना. ती पुन्हा बोलली. धुक्याच्या दिवसांत ही बुरशी येते, मण्यातलं पाणी आटतं आणि गोडी राहते. अशा एकेका मण्याची वेगळी वेचणी करून तिच्या घराण्यातली सगळ्यात भारी वाईन होते. प्रत्येक वर्षी अशी बुरशी येत नाही. यंदा आली. तिनं बाकीचा डोंगर उतरवला होता आणि या ओळी मुद्दाम ठेवल्या होत्या.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हे माझ्याकडं बघत नव्हते, दगडाच्या कपचीकडं बघत होते. मी फोनमध्ये माफी मागितली, कशी मागितली ते आठवत नाही. मग रुमालाची चारही टोकं उचलून तिच्यापुढं धरली. तिनं आत डोकावलं. सगळे मणी होते, एकही खाली पडलेला नव्हता. तिनं एक उचलून दाबून बघितला, तोंडात टाकला, आणि रुमाल जपून बादलीत उलटा केला. मग माझ्या हातातली कात्री मागून घेतली. आमच्याकडची बारीक टोकाची कात्री तिनं कधी बघितली नसावी. उघडझाप करून बघितली, ज्या घडांवरून मी हात फिरवला होता ते एकेक उचलून बघितले, कुठल्याच चांगल्या मण्याला टोक लागलेलं नव्हतं. ती बोलली आणि फोन म्हणाला, "तुमचा हात फार चांगला आहे. पण विचारायला हवे होते. बाग माझी आहे."

ती रागावून बोलली नव्हती. कात्री माझ्या हातात परत देताना तिनं माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत क्षणभर धरली. आणि मला त्या म्हातारीचा चेहरा दिसायचा बंद झाला. मला माझी पोरगी दिसली, ताटात भाकरीचा तुकडा ठेवणारी.

खाली जाताना तिनं आम्हाला तळघरात नेलं आणि बोटभर पेल्यात तीच वाईन दिली. मनुक्यांचं पाणी आणि मध एकत्र केल्यासारखी चव होती. ह्यांनी ती चाटूनपुसून संपवली. मी माझा पेलाही ह्यांच्याकडं सरकवला.

बोटीकडं परतताना नदीकाठी एक बाक होता, तिथं मी बसले आणि ह्यांना भाभीला केलेल्या फोनचं सांगितलं. मला वाटलं, हे चिडतील. पाच दिवस माझा फोन अडकवून ठेवला आणि तू? असं काहीतरी. हे माझ्या शेजारी बाकावर टेकले. मग म्हणाले, "चार साल आधी मी हेच केल्तं. मलाबी वाटलं, मी तिला वाचवून राह्यलो." आणि स्वतः माझी पर्स उघडून फोन माझ्या हातात दिला. त्यांचा नाही, माझा. "लाव. आत्ताच लाव. तिला दुसऱ्याकडून कळायच्या आत."

मुलीनं फोन उचलला. मागं मोटरचा आवाज येत होता. मी काही गोडगोड न बोलता सगळं सांगितलं. केव्हा केला, भाभीला काय बोलले, ताईला सांगू नको म्हणाले तेही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "बरं. तुम्ही या. मंग बघू." आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन दिवस बोट तशीच हळू चालली. डोंगर तसेच पिवळे होते, ऊन तसंच पडत होतं, आजोबा रोज ह्यांचा हात हातात घेत होते. मला यातलं काही नकोसं झालं होतं असं नाही. मी ते बघत होते, आणि मन घराच्या दारात जाऊन उभं राहत होतं, तिची ब्याग भरलेली आहे का ते बघायला. हे मला सोडून कुठं गेले नाहीत. दुपारी मी झोपले की खुर्ची उन्हातून सावलीत सरकवायचे. मी त्यांचा फोन त्यांना परत देऊ केला तर म्हणाले, "राहू दे. मला त्याचं काही काम न्हाई." चार दिवस मुलाकडं राहून आम्ही परतलो.

मुलगी संभाजीनगरच्या विमानतळावर गाडी घेऊन आली होती. पाया पडली, ब्यागा टाकल्या, रस्त्यात भावाची चौकशी केली, बोटीची केली. छाटणीचा शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, माझा धीरच झाला नाही. गाडी घराकडं न वळता सरळ बागेत गेली.

डोळे फुटले होते. पहिल्या प्लॉटमध्ये काडीकाडीच्या शेवटी दोन-दोन कोंब, सारखे, एका उंचीचे, जणू कुणी मोजून चिकटवलेत. हे चालता चालता थांबले. एका काडीला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला. "लावा की पप्पा," मुलगी म्हणाली. तेव्हा त्यांनी लावला. "माय," हे म्हणाले, "असं एकसारखं फुटलेलं मी कधी बघितलं न्हाई." आणि पुढच्या काडीचे कोंब मोजायला लागले.

मग ती मला प्लॉटच्या दुसऱ्या अंगाला घेऊन गेली. तिथं काडीकाडीवर चार-चार कोंब, दाटीवाटीनं, एकमेकांच्या अंगावर चढलेले. मी केलेला उद्योग मी उभ्या जागी ओळखला.

"सतरा ओळी," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत एवढ्या झाल्त्या. मी इचारल्यावर भाभीनं तोंड लपवलं न्हाई. म्हणली, वैनीचा फोन आल्ता, आता मी कुणाचं ऐकू ते तुम्हीच एकदा सांगा." ती कोंबांकडं बघत बोलत होती. "त्याच दुपारी मी पुण्याला कंपनीत फोन केला. ते म्हणले, एक तारखेला ये. तू फोन केला नसता तर मी तुम्हाला आज घ्यायला आले असते, घरी सोडलं असतं आन त्याच गाडीनं पुढं गेले असते."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काय," ती म्हणाली, "या सतरा ओळींची फेलकाढणी तू एकटीनं करायची. भाभीची एकबी बाई देणार न्हाई. वरचे दोन ठेवायचे, बाकीचे सगळे काढायचे. उद्या सकाळी सातला यायचं. उशीर चालणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच मी पहिल्या ओळीच्या तोंडाशी जाऊन बसले.